खालच्या खोलीची आमीन

सदरसाहेबांचा धंदा नळांचा. नळ, शॉवर, कमोड, बेसिन. शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्यांच्याच दुकानातला माल. पण कुणी त्यांना नळवाले म्हटलं की त्यांचं तोंड कडू होई. ते मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष होते, आणि तेही लागोपाठ तिसऱ्यांदा. दुकानातली पोरं त्यांना सदरसाहेब म्हणत, व्याही म्हणत, दाढी करणारा न्हावीसुद्धा म्हणे. बायको तेवढी 'अहो' म्हणायची आणि अम्मी नुसतं 'ए'.

यंदा त्यांच्या डोक्यात वाचनालयाचा किडा वळवळत होता. कुणाच्या मशिदीला उंच मिनार होता, कुणाकडे कारंजं होतं, पण वाचनालय कुणाकडे म्हणजे कुणाकडे नव्हतं. दारावर अब्बांचं नाव लागणार होतं. अब्बा गवंडी होते आणि जन्मभर त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही, सहीच्या जागी अंगठा उठवला. पण वाचनालयाला नाव द्यायचं तर माणसाला वाचता आलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? आणि लिहिलं असतं तरी अब्बांना ते वाचता आलं नसतं.

प्रश्न जागेचा होता. मोठा हॉल तर नमाजेचा. ऑफिस हलवणं शक्य नव्हतं, कारण कमिटीला बसायला गार हवा लागते. पाहुण्यांची खोली वर्षातून एकदा उघडत असे, पण तिथला गालिचा नवा होता. राहता राहिली तळघरातली बायकांची खोली. बुटक्या छताची, भिंतींना ओल आलेली, कोपऱ्यात एक खरखरणारा स्पीकर. वरचा इमाम बायकांना दिसत नसे. तो काय म्हणतो ते स्पीकरमधून यायचं, आणि त्या आवाजाच्या मागोमाग त्या उठायच्या, वाकायच्या, डोकं टेकायच्या.

सदरसाहेबांनी कमिटीत ठराव मांडला. बायकांनी घरी नमाज पढली तर सवाब, म्हणजे पुण्य, जास्त, असं त्यांनी मोठ्या जिव्हाळ्यानं सांगितलं. बायकांच्या सवाबाची एवढी काळजी त्यांना आजवर कधी वाटली नव्हती. कुणाचा विरोध आहे का, असंही रीतसर विचारलं. विरोध कोण करणार? कमिटीत एकही बाई नव्हती.

नायब सदरांनी, म्हणजे उपाध्यक्षांनी, घसा साफ करून विचारलं, "बायकांना विचारलंय ना?"

"घरचीच गोष्ट आहे. अम्मीशी बोलतो मी."

'बहिणींनी राजीखुशीनं जागा दिली' असा ठराव झाला आणि सगळे चहाकडे वळले. अम्मीशी बोलणं मात्र झालं नाही. चारचौघांत वाघासारखे फिरणारे सदरसाहेब अम्मीच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेले की त्यांचं मांजर होत असे. एकदा ते आत गेलेही. अम्मी गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"काय रे ए, काम होतं?"

"नाही, काही नाही. गुडघा कसाय?"

"आहे तिथंच आहे. अल्लामा येणारेत म्हणे जुम्याला. खाली आवाज नीट येईल ना? मागच्या वेळी नुसती खरखर होती."

"येईल, येईल," असं म्हणून सदरसाहेबांनी पाय मागे घेतला. बायकोनं बाहेर गाठलं. "सांगितलं का त्यांना?" ती म्हणाली. "अहो, लोकांच्या तोंडून कळलं तर त्या आयुष्यात बोलायच्या नाहीत तुमच्याशी." सदरसाहेब म्हणाले की अल्लामांच्या तोंडून कळेल, आणि अल्लामांपुढे कोण काय बोलणार. ही त्यांची युक्ती होती. मोठ्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवायची म्हणजे बार कुणी काढला ते कुणी विचारत नाही.

अल्लामा म्हणजे फार मोठी असामी. त्यांचं घर कुठल्या देशात हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण ते बहुतेक विमानातच असत. 'इस्लाममध्ये स्त्रीचं स्थान' हे त्यांचं बयान, म्हणजे प्रवचन, जगभर गाजलेलं. ते ऐकायला नेहमी पुरुषांनी खच्चून भरलेले हॉल असत. त्यातून त्यांचा सजदा! जमिनीला डोकं टेकलं की अल्लामा लवकर उठतच नसत, खांदे हलत, हुंदके ऐकू येत, आणि त्याच्या क्लिपा फोनवरून फोनवर फिरत. सदरसाहेबांनी त्या क्लिपा झाडून सगळ्यांना पाठवल्या होत्या. घरी अम्मीलाही दाखवल्या, आणि बजावलं होतं, "अम्मी, सजदा लांबला तर घाबरू नको हं. हा मोठा माणूस आहे."

जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सकाळी साउंडवाला आला. हा गडी लग्नं आणि सभा करणारा. मशिदीत त्यानं पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं आणि बूट काढून मोज्यांवर वावरत होता. वायरींच्या गुंत्यातून डोकं काढून तो म्हणाला, "साहेब, जादा लाइन एकच आहे. ती खाली देऊ की लाइव्हला?"

लाइव्ह म्हणजे चौदा देशांत थेट प्रक्षेपण. सदरसाहेबांनी क्षणभर विचार केला, जास्त लागलाच नाही. "नमाज होईतोवर खाली दे. नमाज संपता संपता लाइव्हला टाक. बयान जगाला ऐकू गेलं पाहिजे. बायकांचं काय, त्यांना नंतर क्लिप मिळेल."

"पण नमाज संपली हे मला कळणार कसं?"

"सोपं आहे रे. सगळे जमिनीला डोकं टेकतात ना, तिकडे लक्ष ठेव. दुसऱ्यांदा टेकलं की झालीच समज."

सदरसाहेबांच्या मनात रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तनं, होत्या. जुम्याला इमामामागे दोन रकाती पढायच्या, दुसरी झाली की काम संपलं. पण एकेका रकातीत डोकं दोनदा टेकायचं असतं, हे उभा जन्म डोकं टेकत आलेल्या माणसाच्या त्या गडबडीत ध्यानातच आलं नाही. आपण इतकी वर्षं काय करत होतो याचा हिशेब माणसाला दुसऱ्याला समजावून सांगतानाच लागतो, आणि सदरसाहेबांचा तिथंच चुकला. साउंडवाल्यानं मान डोलावली. त्याला जे सांगितलं ते त्यानं अगदी प्रामाणिकपणे केलं.

आणखी एक बंदोबस्त सदरसाहेबांनी केला होता. पाहुणे जिन्याजवळून जाणार, तेव्हा उगाच बेपर्दगी नको, म्हणून खालच्या खोलीला बाहेरून कडी घालून ठेवली. बायका आत आल्या, कडी लागली. सदरसाहेबांना आपल्या व्यवस्थेचं कौतुक वाटलं.

नमाज उभी राहिली. अल्लामांचा आवाज काय वर्णावा! पहिल्या रांगेत त्यांच्या बरोब्बर मागे सदरसाहेब. पहिली रकात झाली, दुसरी झाली, सजदे अपेक्षेप्रमाणे लांबले, हुंदकेही आले, उजवीकडे-डावीकडे सलाम फिरले आणि नमाज संपली. सदरसाहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून कॅमेरा चालू आहे ना ते पाहिलं आणि मग डोळे पुसले. मग दुआ झाली, तीही तब्येतीत झाली. त्यानंतर अल्लामा खुर्चीत बसले आणि बयान सुरू झालं.

"एक जमाना होता," अल्लामा म्हणाले, "बाईला कुणी विचारत नव्हतं. इस्लामनं विचारायला शिकवलं." सगळा हॉल सुभानअल्लाह म्हणाला. सदरसाहेब सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

मग मुद्दा आला. अल्लामांनी सांगितलं की या मशिदीच्या बहिणींनी आपली जागा इल्मसाठी, ज्ञानासाठी, हसत हसत सोडून दिली आहे, आणि तिथं उद्या वाचनालय उभं राहणार आहे. ते स्वतःच एवढे गहिवरले की ठरलं नव्हतं ते बोलून गेले. "मला त्या बहिणींची आमीन ऐकायची आहे. चौदा देशांना ऐकू द्या. बहिणींनो, म्हणा आमीन!"

खालून काही आलं नाही. एरवी फरशीतून कुजबुज तरी वर येत असे. आज तीही नव्हती.

"बहिणी लाजाळू आहेत," अल्लामा हसून म्हणाले. हॉलही हसला. "सदरसाहेब, माइक घेऊन तुम्हीच खाली जा ना."

सदरसाहेब नको म्हणणार होते. पण कॅमेरा वळला होता. बिनवायरचा माइक हातात घेऊन ते तोंडभर हसत उठले आणि जिन्याचं वळण आल्याबरोबर हसणं पुसून टाकलं. त्यांना वाटलं, अम्मीला कळलं. बायका रुसून बसल्या. आता काय तोंड दाखवायचं?

कडी काढून आत पाऊल टाकलं आणि ते जागीच थबकले.

बायका सजद्यात होत्या. सगळ्याच नव्हत्या. मागच्या पोरी उठून बसल्या होत्या, कुणी तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होतं, मधल्या रांगेत अर्ध्या वर अर्ध्या खाली असा घोळ होता. पुढची रांग म्हातारीकोतारी. ती रांग अजून जशीच्या तशी, कपाळ जमिनीला लावून पडली होती.

बायको दाराशीच उभी होती. तिचा चेहरा रडून लाल झाला होता की रागानं, ते सांगणं कठीण होतं.

"अहो, कुठं होतात? पहिल्याच रकातीत आवाज गेला. दुसऱ्या सजद्यात डोकं टेकलं आणि सगळं सामसूम. मी नमाज मोडून दाराशी आले, तर बाहेरून कडी! केवढं बडवलं दार मी. वरती तुमचे अल्लामा रडत असतील, कोण ऐकणार."

"मग यांना उठवायचं नाही का?"

"उठवते कशी? नमाजेबाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून नमाजेतलं माणूस हललं तर नमाज राहते का जाते, यावर तुमचेच लोक हजार वर्षं भांडतायत. पुढच्या रांगेला ते सगळं पाठ आहे. आणि अम्मींना तुम्ही सांगून ठेवलंय, सजदा लांबला तर घाबरू नको."

अम्मीची जागा पुढच्या रांगेत, दारापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, स्पीकरखाली. तिला कमी ऐकू येई म्हणून. ते पुढच्या भिंतीला घासत, टेकलेल्या डोक्यांना वळसा घालत, लगबगीनं तिथवर गेले. अम्मी छोटीशी दिसत होती. एवढा वेळ त्या गुडघ्यांवर! ती हलत नव्हती. त्यांना एकदम नको नको ते वाटलं. वाचनालय, अल्लामा, चौदा देश, सगळं डोक्यातून उडालं आणि ते पोरासारखे खाली बसून बोलले, "अम्मी. अम्मी गं. ऊठ ना. नमाज संपली कधीच."

तिच्या बोटांची चाळवाचाळव झाली. सदरसाहेबांच्या जिवात जीव आला. लेक वरून खाली आलाय म्हणजे इमामाचं आटोपलं, एवढं अम्मीला कळायला कुणाच्या फतव्याची गरज नव्हती. तिनं जमिनीवर तळवे रोवले आणि स्वतःच्या पातळ, चिरक्या आवाजात म्हटलं, "अल्लाहु अकबर." भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली. तिचा आवाज ऐकून शेजारची उठली, मग सगळी रांग उठली, मागच्या उठल्या, हसणाऱ्या पोरीही चूपचाप हात बांधून उभ्या राहिल्या. बायकोही शेवटच्या रांगेत गेली. इमामानं अर्ध्यात सोडलेली नमाज बायकांनी आपली आपण पुढे चालू केली.

आणि सदरसाहेब अडकले.

नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नसतं; येताना घाबरून ते भान राहिलं नव्हतं. जाण्यापेक्षा जन्मभर उभं राहिलेलं बरं, असं वरच्या हॉलमध्ये घाई करणाऱ्या लोकांना ते स्वतःच दर जुम्याला दरडावत असत. दार त्या टोकाला, ते या टोकाला, मध्ये बायकांची अख्खी रांग आणि पुढे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. जायचं तर सगळ्यांच्या पुढूनच जावं लागणार होतं. ते कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, माइक पोटाशी धरून उभे राहिले.

तेवढ्यात सगळ्या बायका वाकल्या. मग सजद्यात गेल्या. सगळ्यांची डोकी त्याच भिंतीकडे, जिला पाठ लावून नळांचा व्यापारी उभा होता. आपल्याच दिशेनं एवढी माणसं माथं टेकतायत हे पाहून सदरसाहेबांच्या अंगावर काटा आला. एरवी मनातल्या मनात त्यांना असं काही आवडलंही असतं. आता मात्र ते 'तौबा, तौबा' पुटपुटत कोपऱ्यात आणखी आणखी चेपत गेले. तिथून पुढे जागाच नव्हती, नाहीतर ते भिंतीतच शिरले असते.

वर साउंडवाल्याला बहुतेक आपली चूक उमगली. स्पीकर खरखरला आणि अल्लामांचा आवाज सदरसाहेबांच्या डोक्यावरच फुटला. "...ही खोली आता वाचनालय होणार! बहिणींनी राजीखुशीनं दिली! यापुढे त्या आपापल्या घरी, इज्जतीनं नमाज पढतील!"

बायका तेव्हा बसल्या होत्या, शेवटची बैठक चालू होती. एकीनंही मान हलवली नाही, हलवता येत नव्हती. पण सदरसाहेब समोरच उभे होते, त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कुणाचे डोळे मिटले, कुणाचे ओठ चालता चालता थांबले आणि पुन्हा चालू लागले. अम्मीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. तिनं उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला, आणि मग लेकाकडे पाहिलं.

"तू दिलीस?"

सदरसाहेबांनी तोंड उघडलं. त त प प झालं. "अम्मी, अब्बांच्या नावानं... दारावर अब्बांचं नाव लागणारेय."

"ही खोली कुणी बांधली माहितेय तुला?" अम्मीचा आवाज चढला नाही. "मी बाहेर जोड्यांपाशी नमाज पढायचे. पावसापाण्याची, तान्ह्या तुला पाठीशी घेऊन. तुझ्या बापाला ते बघवलं नाही. दिवसभर लोकांची घरं बांधायचा आणि संध्याकाळी इथं येऊन हे खणायचा. तेव्हाची कमिटी म्हणाली, बायकांना कशाला जागा? तो म्हणाला, माझी बायको जोड्यांत बसणार नाही. त्याला बोलता येत नव्हतं तुझ्यासारखं. एवढंच बोलला आणि खणत राहिला."

सदरसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. अब्बांच्या नावाची पाटी संगमरवरात करायची की पितळेत, यावर त्यांनी कारागिराशी एक अख्खी दुपार घालवली होती. अम्मीपाशी मात्र ते गुडघ्याच्या चौकशीपलीकडे कधी बसले नव्हते. त्यांना आता स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे ती कुठं ठेवायची ते कळेना.

"आता सांगतेस ग हे?"

"तू विचारलंस कधी?" अम्मी म्हणाली. तिनं हात पुढे केला. त्यांनी तिला उठवून उभं केलं. मग तिनं त्यांचा हात सोडला, त्यांच्याकडे बघायचंही सोडलं, आणि 'अल्लाहु अकबर' म्हणून जुम्यानंतर आपली आपण पढायच्या सुन्नत नमाजेचे हात बांधले. चार रकाती. शेजारणीनं बांधले, तिच्या शेजारणीनं बांधले. बघता बघता पुन्हा सगळी खोली नमाजेत गेली.

स्पीकरमधून अल्लामा हसले. "सदरसाहेब खाली पोहोचलेत. बहिणींनो, राजी असाल तर एकदा मोठ्यानं आमीन म्हणा!"

खोलीत सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज कुणाचाच नव्हता.

"नाही म्हणत? हरकत नाही, हरकत नाही," अल्लामांचा सूर मिस्किल झाला. "आपल्या फिकहच्या, धर्मशास्त्राच्या किताबांत काय म्हटलंय? मुलीला लग्नाला राजी आहेस का विचारलं आणि ती गप्प राहिली, तर तिची चुप्पी हाच होकार! मग मी काय समजू? समजू ना होकार?" वर हशा पिकला, तो फरशीतून खालीही ऐकू आला.

सदरसाहेबांना मोका सापडला होता. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, आणि वाचनालय त्यांचं. अल्लामांच्या तोंडून, भरल्या हॉलसमोर. बायका नमाजेत, त्यांना बोलता येणार नाही. सगळ्या खोलीत तोंड उघडू शकेल असा माणूस एकच होता आणि माइक त्याच्याच हातात होता. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आयता समोर उभा राहिला होता, आणि समोरच अम्मी रुकूत वाकली होती. दुखरे गुडघे तिनं दोन्ही हातांनी धरले होते.

"तर मग होकार समजतो," अल्लामा म्हणाले. "सगळ्यांनी म्हणा..."

सदरसाहेबांनी माइकचं बटण दाबलं.

"हजरत," ते म्हणाले. आपलाच आवाज स्पीकरमधून डोक्यावर पडला तसे ते दचकले. "होकार नाहीये."

"कोण म्हणतं?" अल्लामांनी विचारलं.

"मी, सदर. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी राजीखुशीनं असं लिहिलं ते खोटं होतं." ते थांबले. कॅमेरा इथं नव्हता, तरी मान वर होईना. "आणि त्या लाजून गप्प नाहीत, हजरत. त्या नमाजेत आहेत. तुमची झाली. यांची मी अर्ध्यात तोडली होती."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खोकलं आणि अल्लामा हळूच म्हणाले, "बयानाकडे वळू या." स्पीकर बंद झाला. साउंडवाल्यानं लाइन जगाला दिली असावी.

अम्मी सजद्यात गेली होती. सदरसाहेब माइक बंद करून तिथंच कोपऱ्यात उभे राहिले. वर आता आपलं काय होणार, नायब सदर कसे खुशीत असतील, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. वर जावंसं फार वाटत होतं. पण अम्मीची पहिलीच रकात चालू होती, आणि तिच्या पुढून जाता येत नव्हतं.